अकरा माणसांची शेड

बातमी आणली ती पांचाळांच्या शेडमधल्या इब्राहिमभाईंनी. शाळेच्या मधल्या सुट्टीत ते कुंपणाशी सायकल धरून उभे होते. अंगात कामाचे कपडे, हाताचं तेलही पुसलेलं नव्हतं. "मास्तर, पांचाळशेठ गेले," ते म्हणाले. "सकाळी बिल्ला घेऊन कारखान्यात शिरले, जरा बसतो म्हणून बाकावर बसले, ते उठलेच नाहीत." आणि मी विचारलं काय, तर, "कोणाच्या कारखान्यात?" इब्राहिमभाई नुसते बघत राहिले माझ्याकडे. बरोबरच होतं त्यांचं. चिंचवडात स्वतःची शेड असलेले नामदेव पांचाळ पिंपरीच्या कारखान्यात दुसऱ्याचा बिल्ला लावून का उभे राहत होते, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना तिथं धाडलं होतं मीच. इन्कमटॅक्सनं धाडलं असं मी दोन वर्षं लोकांना सांगत आलो, पण आता माणूस गेल्यावर तरी खरं सांगावं.

पांचाळ मूळचे बार्शीकडचे. खडकीला पंधराएक वर्षं टर्नरचं काम करून एक दिवस नोकरी सोडून आले आणि चिंचवड स्टेशनच्या अलीकडे पत्र्याची शेड घातली. सासऱ्यांची बार्शीत छोटी वर्कशॉप होती, ती बंद पडल्यावर तिथला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, त्यांनी मालगाडीनं आणवला. त्या लेथवर पंपांचे सुटे भाग करून ते एका कंपनीला देत. मी त्यांच्या थोरल्या मुलीला इंग्रजी शिकवायला जायचो, तशी ओळख झाली आणि वहिनींच्या शेंगदाण्याच्या चटणीमुळे ती वाढत गेली. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, चांगली पक्की नोकरी का सोडलीत? ते म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याच्या भोंग्यावर उठून उठून कान किटले. आता आपल्या शेडचं दार आपुन उघडायचं. दोन घास कमी मिळाले तरी चालतील." या माणसाला आयुष्यात हवं होतं ते एवढंच.

शेडमध्ये माणसं नऊ. आमच्या भागातल्या कुठल्याही शेडमध्ये तुम्ही गेलात तरी नऊच असत. विजेवर यंत्र चालतं आणि माणसं दहा झाली, की सरकारच्या लेखी तो कारखाना. मग इन्स्पेक्टर, संडास, पगारी रजा, भिंतींना चुना, नाना वह्या. म्हणून काम कितीही आलं तरी नवव्या माणसावर गाडी थांबायची. पांचाळांकडे तर कंपनी दुप्पट माल मागत होती आणि ते नाही म्हणत होते.

अशात मी वर्तमानपत्रात वाचलं, की देशात कारखानदारी वाढावी म्हणून नव्या उद्योगांना पहिली काही वर्षं नफ्याच्या एका भागावर इन्कमटॅक्स माफ आहे. अट अशी, की विजेवर काम करणारी माणसं दहा तरी हवीत. मी ते पान घेऊन धावतच शेडमध्ये गेलो. पांचाळ म्हणाले, "म्हंजे एक सरकार म्हनतंय नऊ ठेवा, दुसरं म्हनतंय दहा करा?" मी म्हणालो, "अहो, टॅक्स वाचेल त्यात संडास बांधून होईल, वर चुना फुकट." दोन दिवस ते हिशेब मांडत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी परभणीकडचे दोन भाऊ कामावर घेतले. एकाला घेऊन दुसऱ्याला परत पाठवणं त्यांच्यानं झालं नाही, म्हणून अकरा. संडास बांधला, प्यायच्या पाण्याचा माठ वेगळा ठेवला, शेड कारखाना म्हणून नोंदवली. इब्राहिमभाईंनी तेवढं विचारलं होतं, "मास्तर, कायदा पूरा पढा ना?" मी हसलो होतो... वर्गात पोरांना मी रोज बजावतो, उतारा शेवटपर्यंत वाचा. मी स्वतः मात्र पहिला परिच्छेद वाचून उठलो होतो.

सवलतीचा अर्ज अर्थातच मी लिहिला, आणि इंग्रजीत. साधा अर्ज लिहिला असता तर मी मास्तर कसला? तीन पानं भरली. त्यात पांचाळांचे कष्ट आले, बार्शी आली, सासऱ्यांची वर्कशॉप आली. लेथवर तर एक अख्खा परिच्छेद होता. हा वंदनीय लेथ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून अखंड फिरतो आहे, एका पिढीनं तो दुसरीच्या हाती सोपवला, आणि या उद्योगाचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे, वगैरे. मी ते शाळेत दोघा सहकाऱ्यांना वाचूनही दाखवलं. एकाचे डोळे भरून आले. तो गणित शिकवायचा.

पुण्याच्या ऑफिसात बोलावणं आलं तेव्हा आम्ही दोघं धुतलेल्या टोप्या घालून गेलो. साहेब तरुण, बोलायला मऊ. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. मी खाली बघून लाजलो. "फार सुंदर इंग्रजी आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी तो परिच्छेद काढला. "म्हणजे यंत्र जुन्या धंद्यातून आलेलं आहे तर." मी उत्साहानं म्हणालो, "फारच जुनं!" साहेबांनी कायद्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. पूर्वीच्या धंद्यातली यंत्रं आणून उभा केलेला उद्योग नवा धरता येत नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. पांचाळांनी विचारलं, "काय म्हनतात?" त्यांना सांगायला मला ना इंग्रजी सुचेना, ना मराठी.

तिथून ते अडकले. दोन माणसं कमी करून पुन्हा नऊवर या, असं सगळ्यांनी सांगितलं. पांचाळ म्हणाले, "त्यांनी गावाकडनं बायका-पोरं आणल्यात. माझा अर्ज फसला ह्यात त्यांचा काय गुन्हा?" त्यात दुप्पट माल दिल्यामुळे वहीत नफा चांगला दिसत होता. तो फक्त वहीत दिसत होता, कारण कंपनी चार-चार महिने पैसे सोडत नव्हती. कर मात्र वहीवर बसतो. हातात न आलेल्या पैशावर हातातून पैसे द्यायचे, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही. साहेबांनी माणुसकी म्हणून कराचे हप्ते करून दिले. हप्ते आणि अकरा पगार एकदम भागेनात, तेव्हा पांचाळांनी शेड इब्राहिमभाईंच्या हवाली केली आणि स्वतः पिंपरीला पहिल्या शिफ्टला टर्नर म्हणून लागले. पहाटे भोंग्यावर उठायचे, दुपारी सुटले की शेडमध्ये यायचे, मालक व्हायला. पुढच्या हिशेबात तो पगारही नफ्यात मिळवला गेला आणि कर आणखी वाढला. अर्थखात्यात बसलेल्यांनी तेव्हा संपत्तीवर कर बसवला, खर्चावर बसवला, त्यावर मोठमोठे लेख आले. या असल्या फेऱ्यावर कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. एवढं झालं, की पांचाळांचं पाहून आसपासच्या एकाही शेडनं दहावा माणूस घेतला नाही.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. उलट कोणी पाहुणा आला की माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे मास्तर. ह्यांचं इंग्रजी लई झ्याक. सायबाला सगळं समजलं." शेड हसायची, मीही हसायचो आणि चहाचा कप जरा जास्तच वेळ तोंडाशी धरायचो.

तेराव्यानंतर मी घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात भरला त्यांनी. ह्या महिन्याअखेर नोकरी सोडनार हुते." मग त्यांनी फडताळातून एक कोरा, जाड कागद काढला. "राजीनाम्याला म्हनून आनला हुता. मी म्हनलं, कारखान्यातल्या कारकुनाकडनं लिवून घ्या. तर म्हनले, न्हाई, मास्तरच लिवतील."

 वहिनींनी कागद माझ्यापुढे ठेवला. "लिवा की."

"आता कशाला, वहिनी?"

"त्यांनी सांगितलं हुतं म्हनून."

मी लिहिला. मराठीत लिहिला. वहिनी म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं, "मी नोकरी सोडत आहे. माझी स्वतःची शेड आहे. नामदेव पांचाळ."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आधी बी एवढंच लिवायचं की वो, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी कागदाची घडी केली आणि खुंटीवर कारखान्याचा खाकी कोट होता त्याच्या वरच्या खिशात सरकवली. तो कोट कारखान्यात परत करायचा आहे. इब्राहिमभाई दोनदा न्यायला आले... वहिनी उद्या या म्हणतात.