प्राणहितेवरच्या दोन मोटारी

नोकरीत किती गुन्हे तपासले याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. एका हिवाळ्यातली ती घटना मात्र अजूनही जशीच्या तशी समोर उभी राहते.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन थोडाच काळ लोटला होता. प्राणहिता नदीच्या काठावरील एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. नदीच्या मध्यधारेपर्यंत आपले राज्य आणि पलीकडे आंध्र. जंगलातील सागवान चोरून कापायचे, फळ्या पाडायच्या आणि मोटार लावलेल्या नावेतून पलीकडे न्यायच्या, असा उद्योग जोरात होता. मध्यधार ओलांडली की पाठलाग थांबवावा, असा आम्हांला आदेश होता.

ठाण्याकडे एक सरकारी बोट होती. तिच्या मागच्या बाजूस बसवलेली मोटार पस्तीस अश्वशक्तीची. त्या टापूत तिच्या तोडीची दुसरी मोटार नव्हती. तरीही दिवाळीनंतर एकामागून एक पाठलाग फसले. पहाटेच्या धुक्यात चोरट्यांची नाव दिसे, आम्ही बोट सोडत असू, अंतर थोडे कमी झाल्यासारखे वाटे आणि मग ते वाढू लागे. फळ्यांनी भरलेली नाव आमच्यासमोरून मध्यधार ओलांडून जाई.

अशा वेळी संशय प्रथम घरात शिरतो. आमचा एक खबऱ्या बाजाराच्या दिवशी ठाण्यात आला आणि दार लोटून म्हणाला, "साहेब, बाहेर काऊन शोधून राह्यले? तुमच्या बोटीतलाच मानूस बोट हळू चालवते. त्याची बहीन पलीकडे देली आहे. सोयऱ्यायले कोन पकडन?"

तो बोटचालकाविषयी बोलत होता. चालक हा वैनगंगेकाठच्या नावाड्यांच्या घरातला, पन्नाशीकडे झुकलेला शिपाई. बहिणीचे सासर पलीकडे होते, हे खरे. माझ्या हाताखालच्या जमादारांना तेवढे पुरेसे होते. जिल्हा कार्यालयातूनही विचारणा झाली आणि महिनाअखेर निलंबनाचा प्रस्ताव पाठवावा, असे मला सांगण्यात आले. प्रस्ताव टंकलिखित होऊन माझ्या मेजाच्या खणात पडला. खाली फक्त माझी सही व्हायची होती.

सही करण्यापूर्वी मी चालकाला समोर बसवले. जमादार दाराशी उभे होते.

"बोट हळू का जाते?" मी विचारले.

"मोटार दमून राह्यली साहेब. दिवाळीनंतर चंद्रपूरहून दुरुस्त होऊन आली, तवापासून तिच्यात दमच नाई. तवाच सांगतलं होतं मी जमादार साहेबायले."

"कामचुकार बैल बी नांगरालेच दोष देते," जमादार म्हणाले.

"मंग नांगर तुम्ही धरून पाहा ना जी."

"झाकण उघडून पाहिले का?" मी विचारले.

"कसं उघडू? लाखेचा शिक्का आहे. शिक्का तोडला तर तुम्हीच मले आत टाकसान."

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पेट्रोलची आणि सुट्या भागांची चोरी होऊ नये म्हणून, दुरुस्तीहून आलेल्या मोटारीच्या झाकणाला जिल्ह्याच्या वाहन शाखेकडून लाखेचा शिक्का लावला जाई. तत्पूर्वी इंजिनावर कोरलेला क्रमांक ताडून पाहत. क्रमांक बरोबर, म्हणजे मोटार बरोबर, अशी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बोटीवर गेलो. चालकाला पुढे बसवले, जमादारांना मधे, आणि मोटारीची मूठ स्वतःच्या हाती घेऊन ती शेवटपर्यंत पिळली. आवाज भरपूर झाला, वेग मात्र बेताचा. इतक्यात घाटाच्या ठेकेदाराची प्रवासी नाव मागून आली. तिला आमच्यासारखीच मोटार होती. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, पण पंचवीस अश्वशक्तीची. नावेत बाया, पोती, दोन बकऱ्या. ती नाव आमच्या बाजूने सरळ पुढे निघून गेली. एक म्हातारी बाई ओरडली, "का जी साहेब, दोर टाकू का? ओढून नेतो!"

नाव हसत होती. जमादार पाण्याकडे पाहत होते. चालक माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

मूठ माझ्या हाती होती; म्हणजे तो हळू चालवतो, हा आरोप गळून पडला. पण त्यानेच मोटारीत काही बिघडवून ठेवले असेल, ही शंका उरलीच, आणि जमादारांनी ती परतताना बोलूनही दाखवली. मला मात्र दुसराच प्रश्न सतावत होता: पंचवीसची मोटार पस्तीसच्या पुढे गेली कशी?

तहसील कार्यालयाच्या मदतीने मी घाटावरच्या नावांची सुरक्षा तपासणी लावली. त्या निमित्ताने ठेकेदाराची मोटार ठाण्यात आणली. अंगणात दोन लाकडी घोड्यांवर दोन्ही मोटारी शेजारी शेजारी टांगल्या. गावातील दोन प्रतिष्ठित पंच बोलावले. शिक्का तोडण्यापूर्वी मी चालकाला विचारले, "आपली मोटार आतून ओळखण्याची काही खूण सांगता येईल?"

तो चटकन म्हणाला, "दसऱ्याले मी आत शेंदूर लावला होता, साहेब. खालच्या कार्ब्युरेटरलेच, मागच्या अंगाच्या खोबणीत. तिथून मोटार श्वास घेते, म्हून."

खंडेनवमीला ठाण्यात बंदुका आणि वाहनांची पूजा होते. आमच्या घरी छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून पूजाअर्चा नाही. म्हणून त्या वेळी मी बाजूला उभा राहत असे. कोठे काय लावले जाते, हे मी कधी पाहिले नव्हते.

पंचांसमक्ष शिक्का तोडला. झाकण उचलले. खोबण स्वच्छ होती.

"देव बी उडून गेला का रे?" जमादार म्हणाले.

चालक पांढरा पडला. मी दुसऱ्या मोटारीचे झाकण काढायला सांगितले. तिच्या खालच्या कार्ब्युरेटरवर, मागच्या अंगाच्या खोबणीत, तर्जनीच्या टोकाएवढा केशरी-लाल डाग होता.

आता थोडे यंत्राविषयी. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला पुरवतो. काही कंपन्या एकाच इंजिनापासून कमी आणि जास्त शक्तीच्या मोटारी तयार करतात; फरक मुख्यतः कार्ब्युरेटरच्या गळ्याचा आणि पेट्रोलच्या छिद्रांचा असतो. सारख्याच ताकदीच्या दोघांपैकी एकाच्या तोंडावर रुमाल बांधला, तर धावताना तो मागे पडणारच. आमच्या मोटारीचे दोन्ही रुंद कार्ब्युरेटर ठेकेदाराच्या मोटारीवर गेले होते आणि त्याचे अरुंद आमच्या मोटारीवर आले होते. इंजिनाचा क्रमांक जागेवर आणि शिक्का शाबूत. आतला माल बदलल्यानंतर लावलेला शिक्का चोरीचीच राखण करतो, हे मला त्या अंगणात समजले.

तरीही हा पुरावा पुरेसा नव्हता. ठेकेदाराने हात झटकले: "मशीन गॅरेजात देली, गॅरेजातून आणली. आत काय हाय, मले का माहीत?" जमादारांचे म्हणणे असे, की डाग चालकाने मागाहून लावला असेल. डाग वाळून कठीण झाला होता आणि त्यावर तेलकट धूळ बसली होती. पण न्यायालयात मत आणि पुरावा यांत अंतर असते. दोन्ही मोटारी दिवाळीनंतर चंद्रपूरच्या एकाच गॅरेजात दुरुस्त झाल्या होत्या. मी तेथील मिस्त्रीला ठाण्यात आणवले.

मिस्त्री चाळिशीचा, हुशार, बोलका. कपाळावर गंध. मोटारीसमोर बसताच तो म्हणाला, "साहेब, हे पार्ट ज्याचे त्यालेच हायेत. माझ्या हातून अदलाबदल होतच नाई."

"मग हा लाल रंग कसला?"

"कंपनीचा प्रायमर असते तो."

उत्तर विचारपूर्वक दिलेले होते. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर वाळला की लोखंडी पुलाला पहिला हात देतात त्या रंगासारखाच घट्ट होतो, पेट्रोलनेही निघत नाही. पाहणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. मिस्त्रीला तो माहीत होता की नाही, एवढेच मला पाहायचे होते.

मी एक छोटा चाकू मागवला आणि त्याच्यापुढे ठेवला. "प्रायमर असेल तर खरवडा. खाली कंपनीची काही खूण आहे का, ते पाहू."

त्याने चाकू उचलला. पाते डागाजवळ नेले. तेथे हात थांबला. त्याने पाते पुसले, पुन्हा नेले, पुन्हा थांबला. पंच पुढे सरकले.

"काय झाले?" मी विचारले.

चाकू खाली ठेवून तो म्हणाला, "नाई होत, साहेब."

"प्रायमर खरवडता येत नाही?"

"शेंदूर हाय जी तो. ठेकेदार तवाच बोलला होता, खरवडून टाक म्हून. मी पाना फिरवला, पार्ट बदलले, खोटं बोललो. पन देवाचा शेंदूर कोन खरवडन? चोरी केली त्याले पोट म्हनता येते. याले का म्हनू?"

पुढची हकिकत त्याने स्वतःहून सांगितली. ठेकेदाराची नावच सागवान वाहत होती. मिस्त्रीच्या जबाबावरून आम्ही पलीकडच्या पोलिसांच्या मदतीने फळ्यांचा साठा शोधला. ठेकेदार आणि मिस्त्री या दोघांवर खटला चालला आणि दोघांनाही शिक्षा झाली. पंचनाम्यात मी लिहिले होते, 'केशरी-लाल रंगाचा वाळलेला डाग'. तो शेंदूर असल्याचे आरोपीनेच सांगितले, म्हणून ते त्याच्या वर्तनात आणि जबाबात आले. निलंबनाचा प्रस्ताव मी चालकासमोर फाडला. जमादारांनी त्याच्यासाठी चहा मागवला. चालकाने तो घेतला आणि एवढेच म्हणाला, "साखर जास्त टाकली जी तुम्ही."

तपास करताना आपण माणूस काय काय करू शकेल याचा विचार करतो आणि मग प्रत्येक जण संशयित दिसू लागतो. बहीण पलीकडे दिलेली असणे हाही पुरावा वाटू लागतो. माणूस काय करणार नाही, हे शोधणे अधिक कठीण, पण अधिक उपयोगी असते. चोरी करणाऱ्याच्याही आत एक रेघ असते. ती रेघ माझ्या श्रद्धेची नसेल, मला ती पटणारही नाही. पण ती कोठे आहे हे मला ठाऊक असले पाहिजे. ही शिकवण पुढे अनेक तपासांत माझ्या कामी आली.

पुढच्या दसऱ्याला ठाण्याच्या अंगणात बंदुका मांडल्या, जीप धुतली, बोटीची मोटार घोड्यावर टांगली. मी नेहमीप्रमाणे बाजूला उभा होतो. हातात शेंदराची वाटी घेऊन चालक माझ्याकडे आला.

"साहेब, वरूनच लावू का? आत तर शिक्का आहे."

मी मोटारीजवळ गेलो, लाख स्वतःच्या हाताने फोडली आणि त्याची पूजा होईपर्यंत झाकण धरून उभा राहिलो.