मिरचीच्या गोदामात बर्फाची तालीम

स्वस्तातली बर्फाची सहल हे खूळ आमच्यात आलं ते मास्तरमुळे. मास्तरच्या डोक्यात ते कुठून आलं, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

आम्ही तिघे नागपूरचे, शाळेपासूनचे दोस्त. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. दुसऱ्याचं इतवारीत भांड्यांचं ठोक दुकान, म्हणून त्याला आम्ही भांडेवालाच म्हणतो. तिसरा मास्तर. एका खासगी शाळेत भूगोल शिकवतो. हिमनदी कशी सरकते ते फळ्यावर सुरेख काढून दाखवतो, पण बर्फ म्हणून त्याने आयुष्यात पाहिला तो रसवंतीतला. पावसाळ्यात त्याची बायको गेली. ताप आला, आठवडाभर दवाखान्यात होती, आणि गेली. मूलबाळ नव्हतं. तेरवी झाली, माणसं पांगली, आणि मास्तर त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहिला.

रविवारी सकाळी आम्ही तिघे तर्रीपोहे खायला जमतो, तो नेम त्याने मोडला नाही. यायचा, प्लेटमध्ये चमचा फिरवत बसायचा, निघून जायचा. भांडेवाला बडबड्या आहे, पण त्याचीही बडबड मास्तरपुढे आटायची. मला तर राग यायचा. कोणावर ते सांगता येणार नाही, पण पोहेवाल्यावर मी उगाच ओरडायचो.

मग एका रविवारी मास्तरने स्वतःहून मोबाइल आमच्यापुढे धरला. पायाला फळी बांधलेला एक पोरगा पांढऱ्या डोंगरावरून वाकडातिकडा घसरत खाली येत होता.

"याले काय म्हणते बे?" भांडेवाल्याने विचारलं.

"स्नोबोर्डिंग."

"आन् तू काहून पाहून राहिला हे?"

"झोप येत नाही तं पाहतो," मास्तर म्हणाला. "तिथं आवाज नसते गा."

कित्येक महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. मी विचार न करता म्हणालो, "जाऊ ना मग." त्याने चंद्रावर जायचं म्हटलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो. कारण त्याच आठवड्यात माझ्या बायकोने त्याच्याकडे डबा पाठवला होता, आणि डबा परत द्यायला आला तेव्हा तो तिला म्हणाला होता, "वैनी, आता कायले त्रास घेता. जास्त दिवस नाही लागणार मले डबा." तिने ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. त्याला सरळ विचारावं असं दहादा मनात आलं. जीभ उचलली नाही. पुरुष माणसं एकमेकांना असलं काही विचारत नाहीत, निदान आमच्याकडे तरी नाही. त्यापेक्षा बर्फाचं बोलणं सोपं होतं.

म्हणून मी त्या बेताला चिकटून बसलो. फेब्रुवारीत मनालीजवळच्या सोलंगला जायचं ठरलं. मोबाइलवर ग्रुप केला, त्याचं नाव "बर्फ". पॅकेजवाल्यांचे आकडे पाहून आमचे डोळे पांढरे झाले, तेव्हा भांडेवाल्याने सूत्रं हातात घेतली. दुकानात एजंटांचा भाव पाडतो तसा तो त्या पॅकेजवर तुटून पडला. विमान कट. हॉटेल कट. दिल्लीपर्यंत स्लीपर, पुढे बस, गावात कोणाच्या तरी घरी डॉर्मिटरी. फळी तिथे भाड्याने. बर्फातला तो फुगीर सूट मात्र भाड्यानेही घ्यायचा नाही, कारण हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडे जाड जॅकेट मिळतात. खाली रेनकोटची पॅन्ट. हातमोजे माझ्या कारखान्याच्या स्टोअरमधून आणायचे, असं त्या दोघांनी माझ्या वतीने ठरवलं. खायला तिखट पुऱ्या आणि चिवडा, इथूनच न्यायचा. इटारसीच्या पुढे माणसांना तिखट ठाऊक नाही यावर भांडेवाल्याची श्रद्धा आहे.

मास्तर फारसं बोलायचा नाही, पण ग्रुपवर नकाशे टाकायचा. उतार किती, ऊन कोणत्या बाजूने येतं, बर्फ कुठे टणक असतो. ते नकाशे मी कारखान्यात पुन्हा पुन्हा उघडून पाहायचो. नकाशा आला म्हणजे मास्तर आहे, एवढाच मला त्यांचा उपयोग होता. एखाद्या दिवशी काही आलं नाही की माझं कामात लक्ष लागायचं नाही. मग मीच काहीतरी फालतू शंका विचारायचो, बोर्डवर डावा पाय पुढे की उजवा, आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल हातातून सोडायचो नाही.

जॅकेट घेतले तेव्हा भांडेवाल्याला शंका आली. हे आपल्या नागपूरच्या थंडीचे जॅकेट, ते बर्फात टिकतील कशावरून? तपासायचं कुठे? त्याचा साडू कळमन्याला मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होता.

"फ्रिजवानी थंडी आहे तिथं," भांडेवाला म्हणाला. "तासभर बसून पाहू. अंदाज येते."

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही तिघे जॅकेट, रेनकोटच्या पॅन्टी आणि कारखान्याचे हातमोजे घालून कळमन्याला पोचलो. बाजारात मिरची उतरत होती, हमाल आमच्याकडे पाहून हसत होते. साडूने दार उघडण्याआधी आमच्यापुढे तीन पंचे धरले. "नाकातोंडाले बांधा. आत मिरची आहे."

भांडेवाला छाती काढून म्हणाला, "आम्हाले? सावजी खाऊन वाढलो बावा आम्ही. मिरचीचं भेव आम्हाले नका दाखवू."

मीही हसून पंचा परत केला. मास्तरनेही. सावजी रस्सा घाम पुसत पिणारी माणसं मिरचीच्या धुळीला भिऊन तोंड बांधतील, हे आमच्या अकलेत बसलंच नाही.

आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. थंडी होती, जॅकेट ठीक होते. पण चार पावलं गेलो आणि घशात आग लागली. भांडेवाला खोकायला लागला. मग मी. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि हातात कारखान्याचे मोजे असल्यामुळे काही पुसताही येईना. भांडेवाल्याने मोज्यानेच डोळा चोळला, मोज्याला थप्पीवरची धूळ लागलेली, आणि तो थयथय नाचायला लागला. "मेलो, मेलो!" मला हसू आवरेना. खोकावं की हसावं तेच कळत नव्हतं. मास्तरही हसत होता. किती दिवसांनी त्याचे दात पाहिले मी.

मग आमचं हसणं थांबलं आणि मास्तरचं थांबलं नाही. तो एका पोत्यावर बसला, पुढे वाकला, आणि मला कळलं की तो हसत नाहीये. तोंड उघडं टाकून रडत होता. तेरवीलाही रडला नव्हता.

"मले घरात नाही राहवत गा," तो म्हणाला. "कुलूप उघडतो आन् दारातच उभा राहतो. आत जाऊन करू काय? मरून जावं वाटते. रोज वाटते."

भांडेवाला घाबरला. "चाल, चाल बाहेर. मिरची चढली याले," असं म्हणत तो दाराकडे वळला. मी मास्तरच्या शेजारी पोत्यावर बसलो. त्याचा हात धरला. मोजे दोघांच्याही हातात, त्यामुळे धरल्यासारखं वाटतच नव्हतं. शहाण्या माणसाने त्या वेळी काय बोलावं ते मला आजही माहीत नाही. मी एवढंच म्हणालो, "आपण जाऊन राहिलो ना. फेब्रुवारीत जाऊन राहिलो. कसंबी करून जाऊ." त्याने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हता, नुसतं गळू देत होता.

त्यानंतर ती सहल माझ्यासाठी सहल राहिली नाही. ती झालीच पाहिजे होती. आणि जे झालंच पाहिजे ते नेमकं कसं बोंबलतं, हे मला त्या पंधरवड्याने दाखवलं. आधी भांडेवाला फिरला. लग्नसराई तोंडावर, रुखवताच्या भांड्यांच्या ऑर्डरी, दुकानातला एक माणूस गावी निघून गेलेला. "आता दुकान सोडून घसरगुंडी खेळाले गेलो तं बुढा बाप घरात नाही घेणार गा मले," तो म्हणाला. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोललो. दोस्तापेक्षा कढया जास्त झाल्या का, हेही बोललो. त्याने फोन ठेवून दिला, आणि आमचं बोलणं बंद झालं.

मग माझी रजा अडली. बॉयलरच्या तपासणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. साहेबांपुढे मी अक्षरशः हात जोडले.

"एका मित्राला एकटं सोडता येत नाही हो, साहेब."

"मग त्यांना म्हणा, मार्चमध्ये जाऊ."

यापुढे काय सांगणार? खरं कारण सांगायला गेलो तर ते खरं होईल, अशी काहीतरी वेडी भीती मला वाटत होती. केबिनबाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभा राहिलो. नोकरी सोडून द्यावी असंही वाटलं. घरी दोन पोरं आहेत, नाही सोडली.

मास्तरला फोन केला. शब्द चाचपडत सांगितलं की तारीख पुढे गेली, आपण मार्चमध्ये जाऊ.

"हो, हो," तो चटकन म्हणाला. "काही हरकत नाही. मार्चमध्ये जाऊ."

एक प्रश्न नाही, एक शिवी नाही. मार्चमध्ये तिथला बर्फ कसा विरघळायला लागतो, हे ज्याने मला महिनाभर शिकवलं तो माणूस हरकत नाही म्हणत होता. मला ते अजिबात आवडलं नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊन या तुम्ही त्याच्याकडे. आत्ताच जा." माझी सेकंड शिफ्ट होती. म्हटलं, उद्या बदली सुट्टी आहे, उद्या जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर दाराला कुलूप. फोन बंद. खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या.

"ते तं सकाळीच गेले ना बॅग घेऊन. दूध, भाजी सारं मले देऊन गेले. आन् किल्ली देली. म्हणे उमरेडचा भाऊ आला तं द्या."

"कधी येणार म्हणाला?"

"तसं काही नाही बोलले."

जिन्यातच बसलो मी. ग्रुपवर लिहिलं, "कुठे आहेस?" एकच टिक. पुन्हा लिहिलं. एकच टिक. उमरेडला त्याच्या भावाला फोन केला, त्याला काहीच माहीत नव्हतं. मग भांडेवाल्याला केला. आमचं बोलणं बंद होतं, पण मी फक्त "मास्तर" म्हणालो आणि तो ऐन गर्दीच्या वेळी दुकानाचं शटर ओढून स्कूटरवर आला.

शाळेत गेलो. स्टेशनवर गेलो, प्लॅटफॉर्म पालथे घातले. तलावाचं नाव कोणीच काढलं नाही, पण स्कूटर फुटाळ्याकडे वळली. संध्याकाळची गर्दी होती, लोक कणसं खात होते, फोटो काढत होते. आम्ही कठड्याला धरून पाण्याकडे पाहत उभे राहिलो. काय शोधत होतो? एखादी चप्पल? मग अंबाझरीला गेलो, तिथेही तसेच उभे राहिलो. भांडेवाला अचानक म्हणाला, "मी कायले नाही म्हटलं गा?" आणि त्याने कठड्यावर मूठ आपटली. मी त्याला एका शब्दाने धीर दिला नाही. द्यायला माझ्याकडेच नव्हता.

मास्तरचा भाऊ आला, पोलिसांत जाऊन आलो. त्यांनी लिहून घेतलं आणि वाट पाहा म्हणाले. वाट पाहण्यासारखं वाईट काम नाही. मला जेवण जाईना. कारखान्यात बॉयलर ठणठणीत पास झाला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

मास्तर गेल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी मी कॅन्टीनमध्ये ताट पुढे घेऊन नुसता बसलो होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलून राहिलो गा. सोलंगवरून."

मी उभा राहिलो. भर कॅन्टीनमध्ये त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, इतक्या की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली. मग ताटावर वाकून मी रडलो. मी थांबेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही.

"किती पडलो, काही विचारू नको," शेवटी तो म्हणाला. "सारं अंग दुखून राहिलं. पण काल रात्री झोप लागली गा. एक पोट्टा शिकवते मले. म्हणते, अंकल, नीचे मत देखो."

"फोन काहून बंद ठेवला बे?"

"तुम्ही परत बलावलं असतं." मग म्हणाला, "ऐक ना. मी येतानाचं तिकीट काढलं नव्हतं. काढाचंच नव्हतं."

मी ताट बाजूला सारून बाकावर बसलो.

"आता काढ ना गा," तो म्हणाला. "इथं रेंज नाही धड. तुह्या मोबाइलवरून काढ."

मी घाईघाईने त्याला फोन धरून ठेवायला सांगितलं आणि दिल्ली-नागपूरच्या गाड्या पाहिल्या. एक, दोन, तीन. सगळीकडे तेच.

"सारं वेटिंगच दाखवून राहिलं रे," मी म्हणालो.

"काढ वेटिंग," मास्तर म्हणाला. "उभ्यानं येतो. पण येतो."