घोरण्याची नोंद रिपोर्टात नाही

डोळे उघडले तेव्हा खाटेवर मी होतो आणि पेशंट गायब होता. व्हायला हवं होतं उलटं.

ही दिघोरीची गोष्ट, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातली. मी भंडाऱ्यात एका खाजगी दवाखान्यात सायकॉलॉजिस्ट होतो. पेशंट सदाशिवभाऊ, चाळिशीचा धान पिकवणारा माणूस. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, तो छकड्याखाली आला होता. हाड जुळलं, पण बैलाची घुंगरं वाजली की पाय जागीच थिजायचे. धानाच्या रोवणीआधी शेतात चिखल करायला, म्हणजे चिखलणीला, बैल जुंपणारा घरात दुसरा कोणी नव्हता. तो सावरला नाही तर जोडी विकावी लागणार होती, आणि ती त्याने वासरापासून वाढवलेली.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, गोळ्या लिहून देतो, घरी पाठव. मी सहा आठवडे मागून घेतले.

मेंदूत धोक्याची एक घंटा असते. अपघात संपतो, ती वाजतच राहते. तिला दटावून उपयोग नसतो. आधी अंग सैल करायचं, मग भीतीची वस्तू पायरीपायरीने जवळ आणायची. भीती वाटली की पेशंटने बोट वर करायचं, आपण एक पायरी मागे यायचं. याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. बैलाचं चित्र, हातात घुंगरू, दवाखान्यामागे बांधलेला कुणाचा तरी बैल, असे पाच आठवडे छान गेले. सहाव्यात खरी जोडी. म्हणून मी एसटीने दिघोरी गाठली.

त्याच्या बायकोने, यमुनाबाईंनी, जेवल्याशिवाय काही सुरू करू दिलं नाही. मी हात आखडला नाही. मग कोठ्यासमोर, म्हणजे गोठ्यासमोर, बैलांपासून दहा हातांवर, एका खाटेवर तो आडवा झाला, दुसरीवर मी टेकलो. सेशनचा तो संथ आवाज लावला. पाय सैल, खांदे जड. तो आवाज मलाच लागू पडला.

जाग आली ती घुंगरांनी. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सदाशिवभाऊ जोडी हाकत येत होता, एकटा, हसून हसून डोळे पुसत. यमुनाबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. पुढच्या पायरीले तुमाले उठवाव का, असं त्यांनी पदराआडून विचारलंच.

मी खाटेवरूनच विचारलं, "मले काहून नाही उठवलं, भाऊ?"

"बोट वर केलं ना सायेब, दोनदा. तुमी घोरून राहिले होते. मंग वाटलं, बैलापाशी डाक्टर असा निजून राहिला, त त्यात भेवासारखं काय हाये?"

यमुनाबाईंनी पदर सोडला. मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी तर खाटेवरून खाली आलो.

रिपोर्टात मी लिहिलं, सर्व पायऱ्या थेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण. सरांनी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. पुढे आठ वर्षं ट्रेनींना मी हीच केस शिकवली, घोरणं वगळून. दोनदा वर झालेलं ते बोट मात्र मला मनातून वगळता आलं नाही. बैल बुजला असता तर?

जोडी विकली गेली नाही. त्या वर्षीची चिखलणी त्यानेच केली.

पेशंट बरा झाला, एवढ्याने आपण जागे होतो असं सिद्ध होत नाही.