डीमनमध्ये लिहिलेली नाशिकची पुरसीस

लिहून देणार : मी, दत्तात्रय, वय सत्तावन्न, नाशिकच्या न्यायालयाबाहेर बसणारा अर्जनवीस, शिक्षण नववी, अनुभव तीस वर्षे. संबंधित : माझी सून, ॲडव्होकेट मृणाल. साक्षीदार : मुलगा निखिल, तसेच नात ईरा, वय सहा, अज्ञान म्हणजे अल्पवयीन. काळ : करोनाचा पहिला हिवाळा, मंगळवार, सकाळचे सात. ठिकाण : नेदरलँड्समधील डीमन, निखिलच्या फ्लॅटमधील जेवणाचे टेबल.

परतीचे तिकीट पुन्हा पुन्हा रद्द झाल्याने मी मुलाकडे अडकलो होतो. मृणालची वकिलीची सनद महाराष्ट्राची. न्यायालये स्क्रीनवर आली, तशी ती डीमनमधून नाशिकचे खटले चालवू लागली. मसुदे अर्थातच मी करीत असे.

त्या दिवशी सुमनबाई नावाच्या विधवा पक्षकाराचा मनाई हुकूम वाढवून घ्यायचा होता. म्हणजे, निकाल लागेपर्यंत त्यांना राहत्या घरातून कोणी काढू नये, असा आदेश. त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि दीर कुलूप घेऊन तयार होते.

नाशिकला साडेअकरा वाजले होते. न्यायाधीशांनी स्क्रीनकडे निरखून पाहिले.

"मॅडम, तुमच्या खिडकीबाहेर अंधार दिसतोय. आपण आहात कुठे?"

आदल्या दिवशी पाठवलेली पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन, मीच टाइप केली होती. तीस वर्षांच्या सवयीने खाली 'स्थळ : नाशिक' असे लिहिले होते. मृणालने घाईत सही केली. आता डीमन म्हणावे तर कागद खोटा, नाशिक म्हणावे तर ती खोटी.

दाराआडून निखिल लॅपटॉप बंद करण्याची खूण करीत होता. रविवारीच तो म्हणाला होता, "बाबा, तिच्या रहिवासी कार्डावर फक्त नोकरीची परवानगी आहे. इथे बसून वकिली चालते का, कोणाला माहीत? कोणी विचारलं, तर आम्हा तिघांना सामान बांधावं लागेल."

"सर, मी नेदरलँड्समध्ये आहे," मृणाल म्हणाली.

समोरचे वकील उसळले. "मग पुरसिशीवर नाशिक कसं? विमानं बंद आहेत, सर, पण मॅडमची सही येऊन-जाऊन असते वाटतं!"

मी कॅमेऱ्यासमोर गेलो. "साहेब, कसूर माझा. मसुदा माझा."

"आपण कोण?"

"अर्जनवीस. आणि मॅडमचा सासरा."

"यापैकी कोणत्या अधिकारात बोलताय?"

ईराने डचमध्ये काहीतरी विचारले. तिला घेऊन मी कॅमेऱ्यासमोरून बाजूला झालो.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. अखेर आदेश झाला : दुरुस्त पुरसीस आजच दाखल करावी, नाशिकमधील वकिलाचे वकीलपत्र जोडावे, मनाई हुकूम पुढील तारखेपर्यंत कायम.

"परदेशातून काम चालवता येतं का, हे मी आज ठरवत नाही," ते म्हणाले. "पण मॅडम, असा कागद पुन्हा आला, तर प्रश्न सनदेचा होईल."

सुमनबाई घरात राहिल्या. मृणालने त्यांचे काम नाशिकच्या मैत्रिणीकडे सोपवले आणि नवीन कामे घेणे बंद केले. दारातून पत्र आत पडले की ते इमिग्रेशन खात्याचे तर नाही ना, म्हणून निखिल अजूनही आधी पाठवणाऱ्याचे नाव वाचतो. मी एवढेच शिकलो की तयार मजकूर वेळ वाचवतो, माणूस वाचवत नाही.

तरी वकील संघटनांस व जाणत्या वाचकांस नम्र विनंती की, खुर्ची एका देशात आणि न्यायालय दुसऱ्या देशात असताना वकिलाने परवानगी कोणाकडे मागावी, याचे उत्तर लेखी मिळावे. तोंडी उत्तरे पाच मिळाली असून पाचही वेगवेगळी आहेत.