गरम सलाईन

२००६च्या हिवाळ्यात, एका सोमवारी दुपारी, सेनगावच्या एका खाजगी दवाखान्यात सलाईनमधून मॅग्नेशियम देत असताना माझ्या मोठ्या बहिणीचा श्वास मंदावला. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

तिला जवळच्याच साखरा गावात दिलेली. सहा वर्षं तिचं सगळं अंग दुखत होतं. एक्स-रे नॉर्मल, संधिवाताची रक्ततपासणी नॉर्मल. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी कागदावर फायब्रोमायल्जिया लिहिलं, तेव्हा दाजी म्हणाले, "नाव लांब हाय, पावणे. दुखणं मातर कुठं दिसून राहिलं न्हाई." कापूस वेचायला ती गेली नाही की जावा विचारायच्या, "काहून, आज इंग्रजी दुखणं आलं का?"

दुखणं कमी व्हावं म्हणून मॅग्नेशियम सेनगावच्या डॉक्टरांनी सुचवलं. मी बातमीदार, धोका काय, असं विचारलं. "शरीरात असतंच ते. काही होत नाही," ते म्हणाले. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. जास्तीचं मॅग्नेशियम किडनी बाहेर टाकते आणि किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साचतं, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीच माहीत असायला हवं होतं.

त्या दिवशी तिसरी बाटली होती. सिस्टरनं सुई लावली, "गरम वाटलं तर सांगा," म्हणाली आणि बाहेर गेली.

आमच्या भागात गरम सुई म्हणजे चांगली सुई. अंगात ऊन उतरलं नाही तर डॉक्टरनं नुसतं पाणी टोचलं, असं लोक म्हणतात. सिस्टरनं धोक्याची खूण सांगितली होती. बहिणीनं ती गुणाची समजली. मीही.

दहा मिनिटांत तिचा चेहरा लाल झाला.

"भाऊ, लई गरम पडून राहिलं." ती हसत होती. "आज बराबर लागू पडलं बघ."

"सिस्टरला बोलावू का, अक्का?"

"काहून? कमी करून टाकंल ती. बस गपचीप."

मी बसलो. थोड्या वेळानं तिची जीभ जड झाली. हाक मारली तर पापणी अर्धीच उघडली. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मग मी ओरडलो.

सलाईन काढली. जीपनं हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मॅग्नेशियमवर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि श्वास सुधारला. तिच्या किडनीची पहिली तपासणी त्या संध्याकाळी झाली. दोन्ही किडन्या कमजोर निघाल्या.

दाजींनी रिपोर्ट उजेडाला धरला. "निघालं म्हणा कायतरी," ते म्हणाले. बहीण शुद्धीवर होती. तिनं तो कागद मागून घेतला आणि उशाखाली ठेवला.

आठवड्यानं मी सेनगावला जाऊन तिचा केसपेपर पाहिला. त्यावर तिन्ही सलाईनींच्या तारखा आणि डॉक्टरांची सही होती. औषधाच्या जागी 'ताकदीचे' एवढंच लिहिलेलं होतं.