बुदैया ते झल्लाक, उजव्या बाजूने

बहरीनमधल्या उम्म अल हस्सम वस्तीत, आपल्या इमारतीखाली, माझा धाकटा भाऊ महेश गाडीच्या टपावर दोन सायकली बांधत होता, आणि त्या नीट बांधल्या जाऊ नयेत अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. पुण्यात आमच्या सायकल मंडळात माझा बराच दरारा आहे. खडकवासल्याला जाऊन येते, चढावर उतरून सायकल ढकलणाऱ्यांना चिडवते. पण बहरीनमध्ये आल्यापासून पार भित्री भागूबाई झाले होते. इथल्या गाड्या ज्या वेगाने जातात तो वेग मी विमान उडताना खिडकीतून पाहिलेला. शिवाय त्या चुकीच्या बाजूने जातात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने बरोबर, उजव्या बाजूने.

तरीही जायचं होतं, कारण मला परीक्षक नेमलं होतं. महेशची मुलगी ईरा सोळा वर्षांची. जन्म इथला, शाळा ईसा टाउनची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. जूनमध्ये ती अकरावीसाठी पुण्याला माझ्याकडे राहायला येणार, आणि कॉलेजला सायकलनेच जाणार असा तिचा हट्ट. तिची आई शुभांगी म्हणे, पुण्याच्या रहदारीत नाही, रिक्षा लावायची. घरात यावरून रोज धुसफूस. शेवटी महेशने निकाल माझ्यावर टाकला. “ताई, तू एकदा तिच्याबरोबर लांब जाऊन ये. तू हो म्हणालीस तर सायकल, नाहीतर रिक्षा. मग खलास, कोणी वाद घालायचा नाही.”

शुभांगी पायऱ्यांपर्यंत आली. माझ्या पाठपिशवीत धपाटे कोंबत म्हणाली, “ताई, ती पुढे पळते हं. नजरेआड होऊ देऊ नका.” मी “तू काळजीच करू नकोस” म्हटलं. काळजी करायचं सगळं काम मीच घेतलं होतं.

शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी, त्यामुळे सकाळी रस्ते रिकामे. महेशने आम्हाला बेटाच्या वायव्य टोकाला, बुदैयाला सोडलं; तिथून किनाऱ्याने दक्षिणेला झल्लाकपर्यंत सायकलने जायचं होतं. एका इराणी भट्टीवर खुब्ज (भट्टीच्या भिंतीला थापून भाजलेली मोठी रोटी) घेतली, चीज लावून, आणि कागदी पेल्यातला करक (दूध आटवून केलेला वेलचीचा चहा). रोटी इतकी गरम की या हातातून त्या हातात नाचवावी लागली. भट्टीवाल्याने माझं हेल्मेट पाहिलं, माझे पांढरे केस पाहिले आणि हिंदीत विचारलं, “किधर जाना है, अम्मा?”

“झल्लाक.”

“साइकिल से?” तो हसला. “शवय शवय (हळूहळू) जाओ. आज धुआँ है उधर.”

धूर कसला, ते धुकं होतं. बुदैयात त्याचा मागमूस नव्हता, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. महेश झल्लाकच्या समुद्रकाठी गाडी लावून वाट बघणार होता. तो निघून गेला आणि मी हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला.

“आत्या, रिलॅक्स,” ईरा म्हणाली. “कीप राइट. जस्ट फॉलो माय लाइट.”

पहिला टप्पा, खरं सांगायचं तर, देखणा होता. दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा, त्यांच्या बुंध्यांमधून वाहणारे पाण्याचे पाट, पाटाकडेला कोथिंबीर आणि मुळ्याचे वाफे. कोकणातल्या एखाद्या आगरातून चालल्यासारखं वाटलं. रस्ता हलकेच चढे, हलकेच उतरे. मधूनच बागा संपत आणि उजव्या हाताला समुद्र दिसे, उथळ, फिकट हिरवा, लाट म्हणून नाही. सौदीला जाणारा लांबलचक पूल पार पाण्यात विरून गेलेला दिसला. ईरा छान चालवत होती. हात दाखवून वळत होती, प्रत्येक दव्वारशी (रस्त्यातला वाटोळा चौक) थांबून मान फिरवून बघत होती. मीच दर वेळी दव्वारमध्ये डावीकडून शिरायला जायची आणि ती मागे न बघताच ओरडायची, “राइट, आत्या, राइट!”

पुलाच्या पुढे आम्ही मोठा रस्ता सोडून गावांमधून जाणारा जुना दुपदरी रस्ता धरला. मधे दुभाजक नाही. तिथेच समुद्राकडून धुकं आलं. आधी बागांचे शेंडे गेले, मग भिंती गेल्या, मग रस्ताच माझ्या पुढच्या चाकापाशी संपायला लागला. ईराच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसत होता. “ईरा, थांबूया गं,” मी म्हटलं. “इथे नको, कडेला थांबायला जागा नाहीये. पुढे मशीद आहे,” ती चक्क मराठीत म्हणाली, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. ती मराठीत बोलते तेव्हा तीही घाबरलेली असते.

मग कुत्री भुंकायला लागली. शेताच्या बाजूने, एक नाही, बरीच. दिसत नव्हती, नुसता आवाज जवळ येत होता. माझी पाचावर धारण बसली. मी पेडल जोरात मारायला लागले आणि नेमका त्याच वेळी मागून हॉर्न वाजला, अगदी पाठीशी.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. मी सायकल वळवली. समोर दोन दिवे उगवले, ब्रेक करकचले, आणि एक पिकअप गाडी माझ्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. मागची गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. मी रस्त्याच्या कडेला एका पायावर उभी होते आणि लाल दिवा कुठेच नव्हता.

“ईरा!” मी ओरडले. उत्तर नाही. “ईरा! अगं ईरा!” फक्त कुत्री.

पिकअपमधून एक माणूस उतरला. माझी हाक ऐकून तो थेट मराठीतच कडाडला. “अवो बाई, मरायचं हाय काय? उलट्या बाजूनं चाललाव! तुमी मेलाव असताव नि मी जन्मभर आत!”

“माझी भाची सापडत नाहीये हो,” मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. त्या क्षणी शुभांगीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. या बाईला मी काय सांगणार होते? तुझी मुलगी मी धुक्यात हरवली?

त्याचा राग एकदम उतरला. तो गुहागरकडचा, भाजी पोचवणारा ड्रायव्हर होता, हे मला नंतर कळलं. त्याने मोबाइलचा दिवा लावला, गाडीतून एक रिकामं प्लास्टिकचं क्रेट घेतलं आणि मला मागे घालून रस्ता ओलांडला. पलीकडे वाळूत सायकल आडवी पडली होती. चाक अजून फिरत होतं.

ईरा सायकलच्या पलीकडे भिंतीला पाठ लावून बसली होती, तोंड घट्ट मिटून. समोर तीन-चार कुत्री दात दाखवत उभी. कुत्र्यांपुढे पळायचं नाही, ओरडायचं नाही, हे तिला शाळेत शिकवलेलं. म्हणून ती माझ्या हाकांना ओ देत नव्हती. ड्रायव्हरने क्रेट जमिनीवर आपटलं, “हाड्! इम्शी!” (चालते व्हा) म्हणून दोन भाषांत दम दिला, आणि कुत्री धुक्यात मागे सरकली. मी तिला जवळ घेतलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

“हॉर्न वाजल्यावर तू कुठे गेलीस?” ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. “मी साइडला घेतलं. मागे बघितलं तर तू नाहीस. तू रस्त्याच्या मधेच का गेलीस, आत्या?”

“मधे कुठे? मीही बाजूलाच घेतलं.”

“बाजूला म्हणजे राइटला ना?” तिने मान वर केली. तिला खरंच कळत नव्हतं. “घाबरल्यावर लेफ्टला कोण जातं?”

ड्रायव्हरने सायकली कोबीच्या पोत्यांवर टाकल्या आणि आम्हाला झल्लाकला आणून सोडलं. पैसे दिले तर घेतले नाहीत, धपाटा घेतला. महेश हॉटेलांच्या रांगेपुढे, स्वच्छ उन्हात, पाण्यात पाय सोडून बसला होता. इकडे धुक्याचं नावही नव्हतं. पोरीचं कोपर पाहून त्याचा चेहरा पडला, पण ईरानेच सारं सावरून घेतलं. “आय वॉज फाइन, बाबा. आत्या वॉज द प्रॉब्लेम.” मग माझ्याकडे वळून, “सो? डिड आय पास?”

खरं तर ती पहिल्या नंबराने पास होती. संकट आलं तेव्हा तिने विचार न करता अचूक केलं, आणि मी विचार न करता मरणाकडे वळले. “सुंदर चालवते,” मी महेशला म्हटलं. मग पुढचं बोलवेना. त्याने ते ‘हो’ धरलं आणि ईराने मला मिठी मारली.

आता पुण्यात परत येऊन आठवडे झाले. ईराचे फोन येतात, सायकलचा रंग ठरला आहे, शुभांगीनेही हात टेकले आहेत. मी सकाळी दूध आणायला जाते आणि आमच्या चौकात थांबून राहते. मागून बस येते, हॉर्न देते, आणि सायकलवाल्या मुली झटकन डावीकडे होतात. एकही विचार करत नाही. मी डोळे मिटून तिथे ईराला उभी करते. हॉर्न वाजतो, ती घाबरते, आणि जन्मापासून जिकडे तिचा जीव वाचत आला तिकडे, उजवीकडे, समोरून येणाऱ्या ट्रकपुढे वळते.

रोज पहाटे तिला घेऊन जाईन. सिग्नल शिकवीन, खड्डे दाखवीन, वळायचं कसं ते सांगेन. शहाणी आहे, आठवड्यात शिकेल. पण घाबरल्यावर कुठे वळायचं, ते शिकवायला आधी तिला घाबरवावं लागेल, आणि तेवढं धाडस माझ्यात नाही.