तसबिरीमागचा चुना

हवालातीच्या फरशीवर रक्त दिसलं तेव्हा मी चहाचा पेला खाली ठेवला. ती सकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. सातवा महिना लागलेली कामवाली बाई भिंतीला धरून वाकली होती. दारावरचा शिपाई म्हणाला, "दीदी, नाटक है सब. कल से यही चल रहा है."

"तुझ्या बायकोने केलं होतं का असं नाटक?" मी म्हटलं. "गाडी काढ."

जबलपूरच्या त्या ठाण्यात बायकांपैकी मी एकटीच शिपाई. नवरा ड्युटीवर वारला म्हणून चौथी शिकलेलीला घेतलं होतं. इस्पितळात नेताना बाई एकच बोलत होती, "मी काहून चोरीन, बाई? भैयाजीच बोलले, भिंतीच्या चुन्यासाठी तसबीर काढून ठेवली."

ती तसबीर छावणीतल्या एका म्हाताऱ्या मेमसाहेबांच्या पूर्वजाची. फ्रान्सचा चांदीकाम करणारा कारागीर, ह्युगेनॉट या प्रोटेस्टंट पंथाचा. राजाने पंथ सोड म्हटलं, त्याने देश सोडला. चित्रात त्याच्या हातात चांदीचा पेला होता.

मेमसाहेबांना दिसत नव्हतं. रविवारी त्यांनी भिंत चाचपली, तसबीर हाताला लागली नाही. घरात राहणाऱ्या भाच्याने, म्हणजे बाईच्या भैयाजीने, तक्रार दिली: सकाळपर्यंत तसबीर जागेवर होती, आम्ही चर्चला गेलो, घरी बाई एकटी होती. बाई तर महिनाभर जबलपूरजवळच्या पाटणला सासरी राहून आदल्या दिवशीच परतलेली. ठाणेदारांना एवढं पुरलं.

इस्पितळातून मी सरळ बंगल्यावर गेले. पंचनामा झाला होता, पण त्यात नुसता रिकामा खिळा होता. मेमसाहेब म्हणाल्या, "उसे कोई नहीं उतारता, बेटी. चूनेवाले भी नहीं."

आमच्याकडचे चुनेवाले तसंच करतात. जड तसबिरीला हात लावत नाहीत, भोवतीने कुंचला फिरवतात. मी शेजारची तसबीर सरकवली. मागे जुना पिवळा चौकोन. कारागिराच्या खिळ्याखाली मात्र नवा चुना, सगळीकडे सारखा. आणि घराला चुना लागला तेव्हा बाई पाटणला होती.

भाच्याला ठाणेदारांसमोर बसवलं.

"भैया, तसवीर इतवार तक टंगी थी, तो चूना उसके पीछे उड़के गया क्या?"

"मजदूरों ने उतारी होगी. फिर लगा दी होगी."

"चलो, मजदूरों को बुला लेते हैं."

त्याने पाणी मागितलं. पाणी मागितलं की बहुतेक माणसं खरं बोलायला लागतात.

तसबीर गावातल्याच गोहलपूरच्या एका फ्रेमवाल्याकडे निघाली. घेणारा व्यापारी अडून बसला होता. चित्रातला माणूस कोण, ते घरातल्या मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय घेणार नाही म्हणे. मावशीला विचारायची भाच्याची छाती नव्हती.

ओळख पटवताना मेमसाहेबांनी पेल्याच्या काठावरचा जाड रंग बोटाने चाचपला. "यही है." मग वडिलांपासून त्या कारागिरापर्यंत सगळ्यांची नावं एका दमात सांगितली. शेवटी विचारलं, "लड़की कैसी है?" मी जे होतं ते सांगितलं.

भाच्याला शिक्षा झाली, ठाणेदारांची बदली झाली. मी एवढंच शिकले की गरिबाची जबानी आपण खोटी धरून सुरुवात करतो, म्हणून ती तपासून पाहायला कोणी उठत नाही. ती भिंत ठाण्यापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

बाळ इस्पितळात नेलं त्याच दिवशी गेलं. बाई जगली.